लोहाराच्या उतरणीवरची रोपं

आग विझल्यानंतर सातव्या महिन्यात जंगल खात्याने मला रोपं मोजायच्या कामावर घेतलं. तेव्हा मी बासष्ट वर्षांची होते आणि माझे गुडघे बहात्तरचे. अर्जबिर्ज मी काही केला नव्हता. खात्याची एव्हान्थिया नावाची तरुण बाई गावात आली आणि कॉफीच्या दुकानात विचारत बसली, की वरच्या उतरणी कुणाला नीट ठाऊक आहेत. सगळ्यांनी माझ्या नवऱ्याचं, अर्गिरिसचं नाव घेतलं. मग ती आमच्या दारात आली. अर्गिरिस ओट्यावर बसला होता, डोंगराकडे पाठ करून. त्याने तिला बससुद्धा म्हटलं नाही.

"मोजायचं काय?" तो म्हणाला. "राख?"

"रोपं, काका. पाइनची. आपोआप उगवलेली."

"काही उगवलेलं नाही."

"तुम्ही वर जाऊन पाहिलंत?"

"अडतीस वर्षं पाहिलं. पुरे झालं."

मी दारात बसून घेवडा निवडत होते. ताट खाली ठेवलं आणि म्हणाले, "मी येते." डोंगराची ओढ वगैरे काही नव्हती. त्या पाठीकडे बघत बसायचा कंटाळा आला होता, एवढंच.

त्या अडतीस वर्षांत आम्ही दोघांनी पाइनची राळ काढली. आमच्या आनोपेत्रा गावात बहुतेक घरांचं तेच होतं. वसंत लागला की हातकुऱ्हाडीसारख्या वाकसाने सालीचा पट्टा काढायचा, त्याखाली पिशवी अडकवायची, दर पंधरा दिवसांनी वर जाऊन काप ताजा करायचा, आणि पावसाच्या आधी भरलेल्या पिशव्या खेचरावर लादून खाली आणायच्या. डोंगर सरकारचा, पण कुठली झाडं कुणाची हे गावाला पाठ होतं. लोहाराच्या उतरणीवरची दोन हजार झाडं आमची. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी मला तिकडे नेऊन एकेक दाखवली होती, जशी एखाद्या घरात नणंदा-जावा दाखवतात.

ऑगस्टमध्ये आग आली आणि पाच दिवसांत सगळं गेलं. आम्हाला बंदरावरून फेरीबोटीत चढवलं. अर्गिरिसचा धाकटा भाऊ झिसिस तेवढा आला नाही. त्याच्या एकशेचाळीस शेळ्या होत्या, आणि शेळ्यांना बोटीत घेत नव्हते. त्याने त्या नांगरलेल्या द्राक्षमळ्याच्या मधोमध आणून उभ्या केल्या. मग ऑलिव्हवर औषध फवारायचा पंप गाडीवर चढवला आणि दोन दिवस आमच्या आणि स्वतःच्या घरांवर पाणी मारत राहिला. आम्ही परत आलो तेव्हा त्याच्या भुवया जळालेल्या होत्या आणि घर उभं होतं. गल्लीत पुढची चार घरं नव्हती.

तर असा झिसिस. हे आधी सांगितलेलं बरं.

पहिल्या दिवशी एव्हान्थियाबरोबर मी वर गेले तेव्हा मला काहीच दिसलं नाही. काळे खांब उभे, खाली राखाडी माती, त्यात पुरुषांनी आडवे टाकलेले जळके ओंडके. पावसाने माती वाहून जाऊ नये म्हणून ते बांध घालायचं काम चाललं होतं. तिने लोहाराच्या उतरणीवर वीस जागी लोखंडी खुंट्या ठोकल्या, आणि माझ्या हातात मीटरभर लांब-रुंद लाकडी चौकट दिली. प्रत्येक खुंटीपाशी चौकट ठेवायची, आतली रोपं मोजायची, कागदावर लिहायची.

"काही नाहीये ग इथे, पोरी."

"खाली बसा, असिमिनाबाई."

"बसले तर उठवशील ना?"

"उठवीन. बसा."

मी बसले आणि मग दिसली. बोटाच्या पेराएवढी लालसर काडी, तिच्या टोकाला सहा-सात सुया चहूबाजूंनी पसरलेल्या. एकीच्या डोक्यावर बीचं टरफल अजून टोपीसारखं बसलेलं होतं. एक दिसली की मग सगळ्या दिसायला लागतात. त्या चौकटीत आठ होत्या. मी मघाशी जिथे उभी होते तिथे माझ्या बुटाखाली दोन.

आमच्या पाइनच्या शंकूंचं तसंच असतं. वर्षानुवर्षं झाडावर घट्ट मिटून राहतात आणि आगीच्या उष्णतेने उघडतात. आगीतून पळताना आम्ही ते ऐकलं होतं, बार उडाल्यासारखे आवाज. झाड मरतं आणि त्याच वेळी बी सोडतं. हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं, आणि आपल्याच मेलेल्या झाडांच्या पायथ्याशी गुडघे टेकून ते बघणं वेगळं. आनंद झाला म्हणू का? झाला असेल. जास्त करून मला थकवा आला. मनात आलं, ही राळ देण्याजोगी व्हायला तीस वर्षं.

त्या वसंतात वीस चौकटींत मिळून त्र्याण्णव रोपं भरली. एव्हान्थिया खूश झाली. म्हणाली, "हात लावायची गरज नाही. फक्त पाय आणि दात लांब ठेवायचे."

पाय म्हणजे माणसांचे. शहरातून लोक बसमधून यायचे, हातात रोपवाटिकेतली झाडं घेऊन, मनापासून. त्यांना थांबवायचं कामही माझ्याकडे आलं. दात म्हणजे शेळ्यांचे. जळलेल्या डोंगरावर चराई बंद झाली होती. कोवळं पाइन शेळीने बुंध्याशी खाल्लं की पुन्हा फुटत नाही. झुडपं फुटतात, ती मुळातून येतात. पाइन जातं ते जातंच.

अर्गिरिसला मी त्र्याण्णव सांगितले. तो म्हणाला, "त्यातली नव्वद उन्हाळ्यात मरतील."

"मग तीन राहतील."

"तीन," तो म्हणाला आणि कॉफी प्यायला.

उन्हाळ्यात मेली काही, पण त्याने म्हटलं तेवढी नाहीत. शरदात मी सहज वर गेले तेव्हा तळहाताएवढी झालेली होती. आसपास चिकट पानांची गुलाबी फुलांची झुडपं उगवली होती आणि त्यांच्या सावलीत ती बरी तगली होती.

पुढच्या एप्रिलमध्ये मी चौकट घेऊन पुन्हा लोहाराच्या उतरणीवर गेले. पहिल्या खुंटीपाशी बसले. काही नाही. वाटलं, नजर गेली आपली. दुसऱ्या खुंटीपाशी बसले. आखूड, तिरपी कापलेली एक काडी. शेजारी आणखी एक. मग मी मातीकडे नीट पाहिलं. खुरांचे ठसे, काळ्या लेंड्या. झुडपांचे शेंडेही सगळे एका उंचीवर खाल्लेले. वास ओळखीचा होता. गावात कळप एकच राहिला होता.

तरी मी विसाच्या वीस खुंट्या केल्या. प्रत्येक ठिकाणी बसायचं, उठायचं. काम अर्धं टाकून येता येत नाही, तशी सवयच नाही. वीस जागी मिळून तीन रोपं उरली होती. त्यानंतर मी एका ओंडक्यावर बसून पाव आणि ऑलिव्ह खाल्ले. रडूबिडू आलं नाही. खाली समुद्र दिसत होता आणि मला झोप येत होती.

कागद कोराच ठेवून मी झिसिसच्या गोठ्यावर गेले. तो शेळ्यांना गोणीतला खुराक घालत होता. मला बघून त्याने विचारलंसुद्धा नाही काय झालं ते.

"वहिनी, कॉफी घेणार?"

"लोहाराच्या उतरणीवर किती दिवस नेल्यास?"

तो गोणी झटकत राहिला. "सहा. सात असतील."

"सात दिवस?"

"पहाटे नेत होतो. उन्हं यायच्या आत खाली."

"अरे, तुझ्याच भावाची उतरण ती! दुसरी कुठली मिळाली नाही तुला?"

"म्हणून तर नेल्या. दुसऱ्याच्या उतरणीवर नेऊन दुसऱ्याचं नुकसान करू?" हे तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला. मग गोणी टाकून माझ्यासमोर उभा राहिला. वीस महिन्यांत तो दहा वर्षांनी म्हातारा झाला होता. "इकडे ये. ये, बघ ही. पाय बघ हिचे. खुरं वाढून वाकडी झालीत, दगडावर चालायला मिळत नाही म्हणून. वीस महिने झाले, वहिनी. गोणीतलं खाणं खातात, गोठ्यातच हागतात. दूध आटलं. मला सांगतात पाच वर्षं थांब. शेळी पाच वर्षं थांबते का?"

"खालच्या ऑलिव्हच्या पट्ट्यात ने म्हणून सांगितलं होतं ना त्यांनी?"

"तो पट्टा चाळीस शेळ्यांचा. एकशेचाळीस घालू कुठे, तुझ्या स्वयंपाकघरात?"

"मग शंभर विक."

"तू तुझी झाडं विकली असतीस?"

मी म्हटलं, "माझी झाडं जळली, झिसिस."

त्याने खाली पडलेली गोणी उचलली. मग हळू म्हणाला, "ती रोपं मोठी होईपर्यंत तू नव्वदीला टेकशील. कोण काढणार राळ? तुझी मुलगी? ती तिकडे जर्मनीत म्हाताऱ्यांना अंघोळी घालतेय. कुणासाठी राखायची?"

मी खिशातून कागद काढला. मी एवढंच म्हणाले, "मला आकडा लिहायचाय."

"लिही की. नव्वद लिही. कोण बघायला येतंय?"

घरी येऊन अर्गिरिसला सांगितलं. त्याने दार लावून घेतलं. मग म्हणाला, "पावसाने वाहून गेली, असं लिही."

"पावसाने लेंड्या टाकल्या?"

"असिमिना, त्याने हे छप्पर वाचवलंय. तू ज्याच्या खाली उभी आहेस ते."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे तर मग लिही पाऊस."

मी दोन दिवस कागद तसाच ठेवला. मी काही तत्त्वाची बाई नाही. नवऱ्यासाठी, दिरासाठी आयुष्यात पुष्कळ खोटं बोलले आहे, पाद्र्यासमोरसुद्धा. पण नव्वद लिहिलं तर त्या उतरणीकडे पुन्हा कुणी बघणार नव्हतं, कागदावर तिथे जंगल असणार होतं. पाऊस लिहिला तर बांध घालणाऱ्या माणसांवर बोट गेलं असतं, आणि त्यात माझा मावसभाऊ होता. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, मी त्या वीस जागी बसले होते. वीस वेळा बसून, वीस वेळा हाताने जमीन दाबून उठले होते. दुसरा आकडा हातून लिहिलाच जाईना. शेवटी लिहिलं, तीन. कारणाच्या रकान्यात लिहिलं, शेळ्या. नाव घातलं नाही.

तिसऱ्या दिवशी एव्हान्थिया आली. उतरण पाहिली, मग मला विचारलं, "कुणाच्या?"

"गावात कळप एकच आहे, पोरी. मला कशाला बोलायला लावतेस?"

तिने मान खाली घातली. ती वाईट बाई नव्हती. पण कागद पुढे गेला.

झिसिसला दंड झाला आणि दुसऱ्यांदा सापडलास तर कळपच नेऊ, असं बजावलं. त्याने शंभर शेळ्या विकल्या. ट्रक आला त्या सकाळी मी खिडकी लावून घेतली, पण घंटांचा आवाज येतच होता. दुपारी तो आमच्या फाटकाशी आला. आत आला नाही.

"वहिनी," तो म्हणाला, "दोन दिवस मी तुझ्या छपरावर पाणी मारलं. माझ्या छपराआधी तुझ्या."

"हो, झिसिस."

"एवढंच विचारायचं होतं. लक्षात आहे का."

आणि गेला. त्या वर्षी ईस्टरला तो आला नाही. त्याची बायको येऊन दारातून सणाची लाल रंगवलेली अंडी देऊन गेली, तीसुद्धा माझ्याकडे न बघता. बेकरीत मी शिरले की बायका झिसिसचं बोलणं थांबवून पावाचं बोलायच्या. सासरच्या माणसाला खात्याच्या दावणीला बांधणारी सून, असं माझं नाव झालं. मला राग आला नाही. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

अर्गिरिस ओरडला नाही. ट्रक गेला त्या संध्याकाळी त्याने जेवण अर्धं टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर तो दारात बसून बूट घालत होता. डोंगरावरचे बूट. वीस महिन्यांत पहिल्यांदा.

"कुठे?"

"बघायला. माझा भाऊ कशापायी तुटला ते."

तो दिवसभर आला नाही. मी दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आले. अंधार पडायच्या सुमाराला आला. कोपरापर्यंत काजळी, पँट गुडघ्यांवर मातीने भरलेली. हात धुतले, टेबलाशी बसला, पाव मोडला.

"तीन नाहीत," तो म्हणाला. "चार आहेत. अकराव्या खुंटीपाशी दगडाच्या आड एक आहे. तू सोडलंस."

मी त्याच्या पुढ्यात सूप ठेवलं. दुसरं काय करणार? मग तो म्हणाला, "आपलं मोठं तिहेरी खोडाचं झाड होतं ना, कड्याजवळचं? ते आडवं पडलंय." आणि तेव्हा त्याला रडू आलं. सूप खात खात रडला. आग लागल्यापासून मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

त्या उतरणीवर आता आपोआप काही येणार नव्हतं. जळक्या झाडांनी होतं नव्हतं ते बी पहिल्याच हिवाळ्यात टाकलं होतं. रोपवाटिकेतली रोपं मिळतील का म्हणून मी एव्हान्थियाला विचारलं. ती म्हणाली, "आधी खालची दरी. तिथे माती सुटलीय, दोन वाड्या धोक्यात आहेत. तुमच्या उतरणीचा नंबर लागायला पाच-सहा वर्षं."

अर्गिरिस ओट्यावरून म्हणाला, "बी टाकलं तर चालेल?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. "इथल्याच झाडांचं असेल तर चालेल. पण काका, उंदीर आहेत, मुंग्या आहेत, पाखरं आहेत. शंभरात दोन आली तरी पुष्कळ."

"मी आली पाहिजेत म्हटलंय का?" तो म्हणाला. "चालेल का एवढंच विचारलं."

समुद्राच्या बाजूला आमचं जुनं कबरस्तान आहे. तिथली तीसेक पाइनची झाडं आगीतून सुटली होती. ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघं तिथे गेलो. मी खाली चादर धरून उभी, तो शिडीवर. मिटलेले शंकू पोत्यात भरून आणले आणि शेगडीभोवती मांडून ठेवले. रात्रंदिवस टक् टक् आवाज यायचा. एकेक शंकू उघडायचा, आणि पातळ पंख लावलेल्या काळ्या बिया फरशीवर सांडायच्या. घरभर पंखच पंख झाले होते. मी झाडून झाडून दमले.

नोव्हेंबरमध्ये पहिल्या पावसाआधी त्याने पेरणी केली. राळ काढायच्या वाकसानेच तो माती खरवडायचा, चार बिया टाकायचा, बोटाने झाकायचा आणि वर झुडपाची काटकी ठेवायचा, पाखरांसाठी. मी त्याच्यामागून पिशवी घेऊन. सहासष्ट वर्षांचा माणूस दर दोन पावलांवर वाकत होता. नऊ दिवस लागले. तो हिवाळा कोरडा गेला. वसंतात मी चौकट घेऊन गेले तेव्हा जुनी चार धरून वीस जागी पाच रोपं भरली. नऊ दिवसांचं एक रोप.

"पाच," मी घरी येऊन सांगितलं.

"बरं," अर्गिरिस म्हणाला. आणि ऑक्टोबर आल्यावर शिडी काढली.

दुसऱ्या पेरणीच्या तिसऱ्या दिवशी त्याची कंबर धरली. वाकला तो वाकलाच. मी आदल्या दिवसापासून पडसं होऊन घरी होते, म्हणजे तो एकटाच वर. फोनला तिथे रेंज नाही. एका ओंडक्याला धरून अर्धा तास उभा होता, ना वर ना खाली. खालच्या ऑलिव्हच्या पट्ट्यातून झिसिसने ते पाहिलं. आधी त्याला वाटलं, भाऊ बी पेरतोय. मग लक्षात आलं की हा हलत नाहीये.

तो वर चढून गेला. पुढचं मला अर्गिरिसने सांगितलं. झिसिस त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काय, मुळं फुटली काय?"

"हसवू नकोस. दुखतंय."

"हसवत नाहीये. धर खांद्याला."

दीड वर्षांत दोघं भाऊ एवढंच बोलले होते. झिसिसने त्याला पाठीवर घेऊन खाली आणलं. साठीचा माणूस, सत्तरीकडे झुकलेल्या भावाला पाठुंगळी घेऊन गावाच्या मधल्या रस्त्याने. कॉफीच्या दुकानातले सगळे उठून उभे राहिले. कुणी मदतीला पुढे आलं तर झिसिस म्हणाला, "सरका, सवय आहे मला. शेळ्या जड असतात."

त्याने अर्गिरिसला पलंगावर ठेवलं. मी गरम फडकी आणली. झिसिस स्वयंपाकघरात टेबलाशी बसला, माझ्याकडे न बघता. मी कॉफी केली. त्याला साखर जास्त लागते, तेवढी घातली. तो प्यायला. मग कपाकडे बघत म्हणाला, "उरलेलं बी कुठे आहे?"

"कशाला?"

"पेरायला. नाहीतर काय भाजून खायला?"

मी पिशवी आणून दिली. "झिसिस," मी म्हटलं, "तो दंड..."

"ते बोलू नकोस, वहिनी. आज नाही."

"बरं."

"मी काही विसरलेलो नाही."

"नको विसरूस," मी म्हटलं. "मीही नाही विसरले. छप्पर पण नाही आणि रोपं पण नाहीत."

तो उठला, पिशवी खांद्याला लावली. दारात थांबून म्हणाला, "किती खोल टाकायचं?"

"नखाएवढं."

आठवडाभर मी आणि तो वर जात होतो. तो दाणा फेकल्यासारखं फेकायचा, आणि मी ओरडायचे, "अरे, कोंबड्या आहेत का या?" तो म्हणायचा, "तुझी पद्धत तुझ्यापाशी." घरी आलो की अर्गिरिस पलंगावरून विचारायचा, कड्याच्या बाजूला केलं का, ओंडक्यांच्या वरच्या अंगाला केलं का, तिथे ओल राहते. झिसिस म्हणायचा, "केलं रे बाबा, तुझ्या बायकोने माझी पाठ मोडली." मग मी ताटं मांडायचे. बोलायला विषय पुष्कळ होते, पण उचलायची कुणात ताकद नव्हती.

तो हिवाळा चांगला भिजला. या एप्रिलमध्ये मी मोजलं. लोहाराच्या उतरणीवर वीस चौकटींत चोवीस रोपं आहेत. शेजारच्या उतरणींवर आपोआप आलेली पाइनं माझ्या कमरेला लागतात आणि इतकी दाट आहेत, की पुढेमागे विरळ करावी लागतील. आमच्या उतरणीवर चोवीस, त्यातली बरीचशी बोटाएवढी. एव्हान्थियाने कागद पाहिला आणि म्हणाली, "एवढ्यावर मी रोपवाटिकेच्या यादीतून हिचं नाव काढते. पंधरा वर्षं आग येऊ नये फक्त. आली तर यांच्याकडे अजून बी नसेल."

"ते मी सांभाळू?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "ते कुणालाच सांभाळता येत नाही."

झिसिस आमच्याशी बोलतो. कॉफी प्यायला येतो. ईस्टरचं जेवण मात्र या वर्षीही त्याने स्वतःच्याच घरी केलं, आणि त्याची बायको माझ्याकडे बघत नाही ती नाहीच. शंभर शेळ्या काही परत आल्या नाहीत. चाळीसांवर त्याचं भागत नाही, म्हणून तो आठवड्यातले तीन दिवस बंदरावर मासळीच्या पेट्या उचलतो. अर्गिरिसची कंबर पूर्ण सरळ झाली नाही. डॉक्टर म्हणतात, आता वाकायचं नाही. तो काठी घेऊन उतरणीच्या पायथ्यापर्यंत जातो, खालून हाका मारून मला कुठे बघायचं ते सांगतो, आणि मी त्याला वरून सांगते की बघितलंय.

परवा झिसिस रस्त्यात भेटला. पेट्या उचलून येत होता, अंगाला माशांचा वास. गाडी थांबवली.

"किती भरली या वेळी?"

"चोवीस."

तो हिशेब केल्यासारखा क्षणभर थांबला. "एका शेळीची न्याहारी," तो म्हणाला.

"एकीची पण पुरती नाही," मी म्हटलं.

तो हसला, पण थोडंच. मग बाजूचं दार उघडून म्हणाला, "बस. चढण आहे पुढे. गुडघे तुझे आहेत की भाड्याचे?"

मी बसले. गाडीत मासे, घाम आणि शेळ्या, सगळ्याचा मिळून एक वास होता. काच अर्धी खाली होती. चढण संपल्यावर त्याने मला आमच्या फाटकाशी सोडलं.